रकाना

कंपूच्या पेट्रोल पंपामागे माझी पत्र्याची टपरी.
एक संगणक, नंबरप्लेटचा फोटो काढणारा एक कॅमेरा
आणि एक लांब नळी.
नळी सायलेन्सरमध्ये खुपसायची,
आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं.
जानेवारीत इथून किल्ला दिसत नाही.
म्हणजे असतोच तो,
अकरा वाजेपर्यंत फक्त सांगण्यावरून.

मोघे सर दर सहा महिन्यांनी येतात.
स्कूटर त्यांच्या पेन्शनहून जुनी,
डिकीत कायम दगड.
कॉलेजात दोन वर्षं त्यांनी मला भूशास्त्र शिकवलं.
मी नापास झाले नाही, एवढंच.

या खेपेला आकडा आला पाच पूर्णांक दोन.
मर्यादा साडेचार.
"नापास, सर," मी म्हटलं,
आणि एवढ्या वर्षांनी हे वाक्य
उलट्या दिशेनं गेलं म्हणून दोघंही हसलो.

शेजारचा रफीक पाना घेऊन येईपर्यंत
त्यांनी वर्तमानपत्रातून एक दगड सोडवला.
सांतऊच्या डोंगराकडचा.
लाल पट्टा, राखी पट्टा, पुन्हा लाल,
हिशेबाच्या जाड वहीची कड दिसते तसा.
"वास घे."
घेतला. कशाचाच नव्हता.
"हा बसला तेव्हा नाकच नव्हतं कुणाला," सर म्हणाले,
आणि वर्ग सुरू झाला.

आधी ज्वालामुखींचा नुसता उच्छ्वास:
वाफ, कर्बवायू, नायट्रोजन, गंधकाची झाक.
वाफेचं पाणी झालं, पाण्याचा समुद्र,
तो इथेच, जिथे तू खुर्ची टाकून बसतेस.
हिरवट पाणी, त्यात विरघळलेलं लोखंड.
मग शेवाळासारखं काहीतरी, तोंड नसलेलं,
ऊन खाऊ लागलं
आणि टाकाऊ म्हणून सोडू लागलं प्राणवायू.
टाकाऊ म्हणून, हेमांगी!
ही नळी ज्यात खुपसतेस, तशाच भोकातून म्हण हवं तर.
तो घ्यायला मासा नव्हता, झाड नव्हतं.
पहिला श्वास लोखंडानं घेतला
आणि गंजून तळाशी बसलं.
कोट्यवधी वर्षं तेच पीत राहिलं.
ते धालं तेव्हा कुठे
उरलंसुरलं वर आलं,
आपल्या वाट्याला.

"मॅडम, जल्दी," मागून टेम्पोवाला.

रफीकनं कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवला.
तीन पूर्णांक एक. पास.
सरांनी पडद्याकडे बघितलं, चष्मा वर करून.
"दोन टक्के गेले कुठे?"
मला येत होतं हे उत्तर.
"आता नीट जळतंय सर. विषारी होतं त्याचा कर्बवायू झाला."
"आणि त्याला मर्यादा किती?"

मी रकाना शोधला.
कार्बन मोनॉक्साइडला आहे, हायड्रोकार्बनला आहे.
कर्बवायूचा आकडा यंत्र दाखवतं,
पण त्याच्यापुढे मर्यादेची जागा कोरी.
गाडी जितकी चांगली, तितका तो बिनबोभाट.
युगंयुगं कुणी कुणी गाळात पुरून ठेवलेला
कोळसा, तेल,
आम्ही सकाळी नऊ ते रात्री आठ
शिक्का मारून परत पाठवतो.
दिवसाला साठ-सत्तर गाड्या.
सगळ्या पास.

सर काही बोलले नाहीत.
पावतीचे पैसे मोजून दिले, सुट्टे,
आणि दगड टेबलावरच ठेवून
फुलबागेच्या बाजूला धुक्यात गेले.
स्कूटर आधी नाहीशी झाली, मग मफलर,
आवाज मात्र बराच वेळ.

आता तो दगड पावत्यांवर असतो,
ट्रक गेला की कागद उडू नयेत म्हणून.
वर दोन अब्ज वर्षं,
खाली छापलेलं: वैधता सहा महिने.

रात्री टपरी बंद करताना बोटं लालसर दिसली.
पंपाच्या नळाखाली धरली,
पाणीही तांबूसच आलं.
ते दगडाचं होतं की नळाचं,
त्या उजेडात कळलं नाही.